प्रोग्रामरने काय वाचावे? : कला शाखेतून एक मत

संगणकावर प्रोग्राम लिहिणाऱ्याने आणि नवा उद्योग काढू पाहणाऱ्याने कोणती पुस्तके वाचावीत, हा प्रश्न कला शाखेच्या विद्यार्थ्याने विचारावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. हा विषय अभियांत्रिकीवाल्यांचा. आपण आपले ज्ञानेश्वरी, शेक्सपिअर आणि फ्रेंच राज्यक्रांती यांत सुखी असावे, असा समज आपल्याकडे चांगलाच रुजला आहे. कराडच्या विद्यानगरात १९६० पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या मुलांनी संगणकाची पुस्तके वाचावीत आणि आपण कादंबऱ्या वाचाव्यात, अशी वाटणी जणू कोणी करून दिली आहे. मला ही वाटणी मान्य नाही. कृष्णा आणि कोयना जिथे समोरासमोर येऊन मिळतात, त्या मुलखात तरी ती शोभत नाही.

शिवाय प्रश्न निव्वळ शोभेचा नाही. आपल्यापैकी कितीतरी जण पदवीबरोबर संगणकाचा एखादा अभ्यासक्रम करीत असतात. मलकापुरातून महामार्गावरची गाडी पकडून पुण्याला गेलेले आपल्याच शाखेचे पदवीधर आज संगणकाशी संबंधित कामे करीत आहेत. काहींच्या मनात स्वतःचे काही काढावे असेही आहे. अशा मित्राने 'मी काय वाचू?' असे विचारले, तर आपल्याजवळ त्याला देण्यासारखे उत्तर असले पाहिजे.

तयार उत्तरांचा तुटवडा नाही. अशा पुस्तकांच्या याद्या सर्वत्र मिळतात आणि यादी कोणाचीही असो, नावे बहुधा तीच असतात. प्रोग्रामरसाठी कर्निगन आणि रिची यांचे 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज' (१९७८), फ्रेडरिक ब्रुक्स यांचे 'द मिथिकल मॅन-मंथ' (१९७५) आणि डोनाल्ड नुथ यांचा 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' हा ग्रंथ, ज्याचा पहिला खंड १९६८ साली निघाला. उद्योग काढणाऱ्यासाठी एरिक रीस यांचे 'द लीन स्टार्टअप' (२०११) आणि पीटर थील यांचे 'झिरो टू वन' (२०१४). ही पुस्तके टाकाऊ आहेत असे मी मुळीच म्हणणार नाही. परदेशी म्हणून नाके मुरडणे हा आपल्या आळसाचाच एक सभ्य प्रकार असतो.

ब्रुक्स यांचे उदाहरण घ्या. आयबीएम या कंपनीच्या '३६०' या संगणकमालेसाठी जी प्रचंड कार्यप्रणाली लिहिली गेली, तिचे काम त्यांच्या देखरेखीखाली चालले होते. ते काम वेळेत झाले नाही आणि खर्चही अंदाजाबाहेर गेला. त्या अनुभवातून त्यांनी एक सिद्धांत मांडला : उशीर झालेल्या कामावर आणखी माणसे लावली तर काम लवकर न होता अधिकच लांबते. ज्याने लग्नघरच्या स्वयंपाकात ऐन वेळी आलेल्या दहा उत्साही हातांना मीठ कुठे आणि झारा कुठे हे सांगण्यात आचाऱ्याचा किती वेळ जातो हे पाहिले आहे, त्याला हा सिद्धांत पटवून द्यावा लागणार नाही. कर्निगन-रिची यांचे पुस्तक तर आपल्या मराठीच्या तासालाही दाखवावे असे आहे. पहिली आवृत्ती जेमतेम सव्वादोनशे पानांची. पाल्हाळ न लावता शास्त्रीय विषय कसा लिहावा, याचा तो वस्तुपाठ आहे.

रीस यांचे म्हणणे थोडक्यात असे, की मोठा पसारा मांडण्यापूर्वी वस्तूचे लहानसे रूप गिऱ्हाइकापुढे ठेवावे, परिणाम मोजावा आणि मोजमाप सांगेल तसे पुढे जावे. हेही आपल्याला अगदीच अनोळखी नाही. २००८-०९च्या सुमारास आपल्या मलकापुराने घरोघरी मीटर बसवून चोवीस तास पाणी देण्याची योजना हाती घेतली. नळाला कधीही पाणी येते म्हटल्यावर माणसे साठवण सोडतात, आणि मीटर आहे म्हटल्यावर उधळपट्टीही सोडतात, ही त्यामागची कल्पना. इतरांच्या भाषणांत पाणी वाहत होते, तेव्हा आपल्या गावाने ते मोजायला घेतले. मोजल्याशिवाय बोलू नये, हा धडा आपल्या उंबऱ्यातच होता.

मग माझी तक्रार काय? तक्रार अशी, की या याद्यांतला वाचक निराळा आहे. थील यांचे पुस्तक अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१२ साली त्यांनी दिलेल्या व्याख्यानांतून तयार झाले. त्या वर्गातील विद्यार्थ्याला भांडवल देणारा माणूस जवळच्याच रस्त्यावर कचेरी थाटून बसलेला असतो. आपल्या मित्राचे भांडवल म्हणजे वडिलांचे ऊसबिल, आणि त्या बिलावर सोसायटीचे कर्ज, बहिणीचे लग्न आणि विहिरीवरची मोटार यांचा हक्क आधीच लागलेला असतो. तिकडे उद्योग बुडाला तर तो अनुभवात जमा होतो. इकडे तो घराच्या अब्रूत जमा होतो. हे फरक लक्षात न घेता ती पुस्तके पाठ करणे म्हणजे दुसऱ्याच्या अंगाला बेतलेला कोट घालून फिरणे होय.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या याद्या वाचून आपल्याला वाटते, की हा सगळा प्रांत गणिती आणि यांत्रिक डोक्यांचा. भाषा, व्याकरण, कला यांचा इथे काय संबंध? पण थोडे खणून पाहिले तर निराळेच दिसते. संगणकाच्या भाषांचे व्याकरण लिहिण्यासाठी जी सांकेतिक पद्धत वापरतात, तिला बॅकस आणि नाउर या दोन शास्त्रज्ञांच्या नावाने ओळखतात. १९६७ साली इंगरमन नावाच्या अभ्यासकाने संगणकशास्त्राच्या एका नियतकालिकात पत्र लिहून सुचविले, की या पद्धतीच्या नावात पाणिनीचे नाव असावे. कारण सुमारे चार हजार सूत्रांत एका संपूर्ण भाषेची रचना बांधण्याचे काम त्या वैयाकरणाने कितीतरी शतकांपूर्वी केले होते. 'पाणिनीला सगळे ठाऊक होते' अशी बढाई मी मारणार नाही. पाणिनीपुढे यंत्र नव्हते आणि ते बनविण्याचा त्याचा हेतूही नव्हता. पण मोजक्या नियमांतून अगणित वाक्ये कशी निघतात, हा प्रश्न वैयाकरणाचाही आहे आणि प्रोग्रामरचाही.

दुसरे उदाहरण याहूनही रंजक आहे. प्रोग्रामरांच्या यादीत 'डिझाइन पॅटर्न्स' (१९९४) हे चार लेखकांचे पुस्तक हटकून असते. त्याची मूळ कल्पना घेतली आहे ती ख्रिस्टोफर अलेक्झांडर या वास्तुविशारदाकडून. घरे, अंगणे, गल्ल्या यांच्या रचनेत त्याच त्या अडचणी पुन्हा पुन्हा येतात आणि त्यांची उत्तरेही ठरावीक आकृतिबंधांत मांडता येतात, असे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'अ पॅटर्न लँग्वेज' (१९७७) या ग्रंथात दाखविले. त्याआधी १९६४ साली त्यांनी 'नोट्स ऑन द सिंथेसिस ऑफ फॉर्म' हे पुस्तक लिहिले, त्याच्या शेवटी एक सविस्तर उदाहरण सोडवून दाखविले आहे. ते उदाहरण कशाचे? एका भारतीय खेड्याचे! गुरे, पाणी, जाती, शेतरस्ते अशा १४१ गरजा मांडून त्या कशा एकमेकींत गुंतल्या आहेत, हे त्यांनी तपासले. ज्या खेड्याला आपण मागास म्हणून लाजतो, त्याच्याच अभ्यासातून घडलेला विचार पुढे अमेरिकेतल्या प्रोग्रामरांच्या टेबलावर गेला. आणि आपण खेड्यातच राहून ते पुस्तक परके समजतो!

म्हणूनच माझ्या यादीत पहिले पुस्तक आहे मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११). एम.ए.चे विद्यार्थी परीक्षेपुरते ज्याला भितात, तेच. नियम सांगायचा, तो कुठे लागू होत नाही ते शोधायचे, अपवाद नोंदवायचे आणि अपवाद फार झाले तर नियमच पुन्हा तपासायचा, ही शिस्त त्यात पानोपानी आहे. प्रोग्राम लिहिणारा दिवसभर दुसरे काय करतो? 'जर' आणि 'तर' यांच्यामध्ये काय राहून गेले हे शोधणे, हेच त्याचे निम्मे काम. उरलेले निम्मे काम म्हणजे आपण लिहिलेले तीन वर्षांनी दुसऱ्याला वाचता येईल असे लिहिणे. ते तर सरळसरळ निबंधलेखन झाले.

आता उद्योगाकडे वळू. त्यासाठीही फार दूर जायला नको. कराडहून मिरजेच्या गाडीत बसले की वाटेत किर्लोस्करवाडी लागते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील नोकरी सोडून बेळगावला आले, भावाबरोबर सायकलींचे दुकान चालविले आणि पुढे लोखंडी नांगर बनविला. नांगर चांगला होता, पण गिऱ्हाईक नव्हते. लोखंडाने जमिनीला विष बाधेल अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिले नांगर खपायला तब्बल दोन वर्षे लागली. १९१०मध्ये औंधच्या प्रतिनिधींच्या आश्रयाने त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर कारखाना हलविला. निवडुंग आणि साप यांनी भरलेल्या त्या माळाचे पुढे काय झाले, हे आपण जाणतोच.

या कथेत मला सर्वांत महत्त्वाची वाटतात ती नांगर न खपण्याची दोन वर्षे. वस्तू उत्तम आहे आणि तरीही माणसे ती घेत नाहीत, तेव्हा माणसांना अडाणी म्हणून मोकळे व्हायचे, की त्यांच्या भीतीपर्यंत चालत जायचे? रीस यांच्या पुस्तकातला प्रश्न हाच आहे. फक्त इथे तो आपल्या काळ्या मातीत उभा आहे. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीत शिकून आले आणि त्यांनी १९८२ साली 'कॅक्टस अँड रोझेस' हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. नावातच काटे आधी आणि गुलाब नंतर आहेत, हे लक्षात घ्यावे.

पण कला शाखेने ज्यांना विशेष आपले म्हणावे असे त्या कुटुंबातील गृहस्थ म्हणजे लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, अर्थात 'शंवाकि'. हे चित्रकलेचे शिक्षण घेतलेले. त्यांनी कारखान्याच्या जाहिराती सजविल्या आणि १९२०मध्ये 'किर्लोस्कर खबर' सुरू केले. कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून निघालेले ते पत्र पुढे मराठीतले एक प्रमुख मासिक झाले. १९३०मध्ये 'स्त्री' आणि १९३४मध्ये 'मनोहर' त्याच घरातून निघाले. नांगर, पंप आणि मासिके एकाच वाडीतून बाहेर पडत होती! गिऱ्हाइकाशी त्याच्या भाषेत बोलता आले पाहिजे, हे त्या कारखान्याने ओळखले आणि त्यासाठी एका चित्रकाराला हाताशी धरले. त्यांचे 'शंवाकीय' हे आत्मचरित्र माझ्या यादीत थील यांच्या पुस्तकाच्या आधी येते.

आणखी एक नाव घेतो, आणि ते ऐकून काहींना आश्चर्य वाटेल. कर्मवीर भाऊराव पाटील एके काळी ओगल्यांच्या काच कारखान्याच्या मालाचे आणि पुढे किर्लोस्करांच्या नांगराचे फिरते विक्रेते होते. ज्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील घरोघर लटकत असे, ती इथून हाकेच्या अंतरावर. माल विकताना त्यांनी गावेच्या गावे पालथी घातली आणि शेतकऱ्याचे घर आतून पाहिले. १९१९ साली आपल्याच तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. विक्रेता म्हणून केलेली भ्रमंती त्यांना या कामी आली नसेल असे कोण म्हणेल? गिऱ्हाइकाच्या दारात उभे राहणे हे कमीपणाचे काम आहे असे मानणाऱ्या पदवीधराने त्यांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाचावे.

कोणी म्हणेल, ही झाली लोखंडाची आणि काचेची जुनी गोष्ट, सॉफ्टवेअरचे काय? तर त्याचेही उदाहरण आपल्या जिल्ह्यात आहे. क्विक हील या कंपनीचे कैलाश काटकर मूळचे रहिमतपूरचे. दहावीनंतर शिक्षण थांबले आणि त्यांनी पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम धरले. पुढे संगणक दुरुस्तीला येऊ लागले, तेव्हा व्हायरसने बिघडलेली यंत्रे पुन्हा पुन्हा परत येतात हे त्यांनी पाहिले. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी त्यावर प्रोग्राम लिहिला. १९९०च्या दशकात सुरू झालेल्या या धंद्याचे शेअर २०१६ साली बाजारात आले. इथे पहिले पुस्तक कोणते होते? दुरुस्तीला आलेले यंत्र. एकाने ते वाचले आणि दुसऱ्याने त्यावर लिहिले.

माझ्या मताविरुद्ध दोन आक्षेप येतील आणि ते दोन्ही वजनदार आहेत. पहिला असा, की नांगर आणि प्रोग्राम यांची तुलनाच चूक. दुसरा नांगर करायला पुन्हा लोखंड लागते. प्रोग्रामची दुसरी प्रत जवळजवळ फुकट निघते. नांगरातला दोष सुधारायला गावोगाव जावे लागते. प्रोग्राममधला दोष रातोरात दुरुस्त होतो. हे खरे आहे, आणि म्हणून हिशेबाचे गणित नव्या पुस्तकांतूनच शिकले पाहिजे. पण वस्तू घेणारा माणूस तोच आहे. त्याची भीती, त्याची काटकसर आणि शेजाऱ्याने आधी घ्यावे मग आपण, ही त्याची सावध बुद्धी काही रातोरात बदलत नाही.

दुसरा आक्षेप असा, की आत्मचरित्रे यशस्वी माणसांचीच निघतात. बुडालेल्यांचे चरित्र कोण छापतो? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि तो अमेरिकन याद्यांनाही तितकाच लागू आहे. यावर उपाय एकच. अशा पुस्तकांतील सत्काराची पाने भरभर उलटावीत आणि अडचणीची पाने सावकाश वाचावीत. ब्रुक्स यांचे पुस्तक टिकले ते लेखकाने फसलेल्या अंदाजाचा हिशेब दिला म्हणून. न खपलेला नांगर, लांबलेले काम, परत आलेले यंत्र; शिकण्यासारखे असते ते इथे.

आता मुद्द्याची गोष्ट. या विषयावर मराठीत काय आहे? अगदीच काही नाही असे नाही. अच्युत गोडबोले यांनी सॉफ्टवेअरच्या धंद्यात मोठ्या जबाबदाऱ्या सांभाळून मराठीत विपुल लिहिले. 'मुसाफिर' हे त्यांचे आत्मचरित्र आणि अतुल कहाते यांच्यासह लिहिलेले 'बोर्डरूम' आपल्या विद्यार्थ्याला सहज वाचता येते. वाईच्या विश्वकोशाने शास्त्रीय विषय मराठीत मांडण्याची वाट आपल्याच जिल्ह्यातून घालून दिली. परंतु नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे 'लेट अस सी', ज्यावर देशातल्या असंख्य विद्यार्थ्यांनी सी भाषा गिरवली, ते लिहिले गेले इंग्रजीत. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. वाचकवर्ग देशभराचा होता. पण याचा परिणाम असा, की मराठी माध्यमातून आलेली मुलगी संगणकाच्या वर्गात दोन परक्या भाषा एकदम शिकते : एक यंत्राची आणि एक पुस्तकाची. आशय कळण्याआधीच ती पाठांतराला लागते, आणि मग 'हे आपले काम नव्हे' म्हणून सोडून देते. अशा मैत्रिणी मी पाहिल्या आहेत. त्यांची बुद्धी उणी नव्हती. दारच उंच होते.

इंग्रजी शिकू नये असे मी म्हणत नाही. ती शिकलीच पाहिजे. परंतु इंग्रजी येईपर्यंत विचार करणे थांबवावे, असा नियम कोणी केला? आणि हे दार ठेंगणे करण्याचे काम अभियंत्यांचे नाही, आपले आहे. सोपे, अचूक मराठी लिहिण्याचे शिक्षण आपण घेत आहोत ते कशासाठी? 'प्रोग्राम'ला 'आज्ञावली' म्हणावे की 'प्रोग्राम'च म्हणावे, यावर परिसंवाद पुष्कळ झाले. शब्द कोणताही घ्या, पण त्या शब्दाने एखादे प्रकरण पुरे लिहून दाखवा.

तेव्हा माझी यादी सहा पुस्तकांची : दामल्यांचे व्याकरण, 'शंवाकीय', कर्मवीरांचे एखादे चांगले चरित्र, गोडबोले यांचे 'मुसाफिर', आणि मग ब्रुक्स व कर्निगन-रिची. रीस आणि थील त्यानंतर खुशाल वाचावेत. तोवर त्यांच्याशी वाद घालण्याची ताकद आलेली असेल. क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. आधी भाषा, मग आपला माणूस, मग यंत्र आणि शेवटी जग.

आणि प्राध्यापकांना व सहाध्यायांना एक विनंती. आपल्या ग्रंथालयात या सहा पुस्तकांसाठी एक फळी मोकळी करावी, आणि ती तंत्रशास्त्राच्या कपाटात न ठेवता वाङ्मयाच्या शेजारी ठेवावी. वर्षातून दोन विद्यार्थ्यांनी त्यांतील एकेका इंग्रजी पुस्तकाचा सार वीस पानांत मराठीत लिहावा. आणखी दोघांनी कराड-मलकापूर परिसरातील एखाद्या वर्कशॉपमध्ये किंवा दुकानात जाऊन विचारावे, की तुमचा माल पहिल्यांदा खपला नाही तेव्हा तुम्ही काय केलेत? उत्तरे जशीच्या तशी लिहून आणावीत. खर्च वहीपेनाचा. पाच वर्षांत अशी दहा टिपणे आणि दहा मुलाखती जमतील, आणि पुढच्या वेळी एखाद्या मित्राने 'मी काय वाचू?' असे विचारले, तर त्याच्या हाती ठेवायला आपल्या हाताने लिहिलेले काही असेल.